पुरात ग्रुप बंद केला, तेव्हा काकांचा मेसेजही गेला

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही वडोदऱ्याला समा भागात राहतो, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. आमच्या सोसायटीत निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती. व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मी आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि वीज नव्हती. रात्री ग्रुपवर मेसेज आला, 'आजवा डॅम तूट्यो, अर्ध्या तासात पाणी येतंय.' दोन घरं मुलाबाळांसह अंधारातच गच्चीकडे धावली. जिन्यात एक बाई पडली, तिचा हात मोडला. मी घाबरले. ग्रुप फक्त ॲडमिनसाठी खुला ठेवला आणि संध्याकाळपासूनचे सगळे गरमागरम मेसेज उडवले. त्यात बी विंगमधल्या काकांचाही मेसेज गेला. त्यांनी लिहिलं होतं, 'बी-१०२ च्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चाललंय, फार तर दोन तास टिकेल. कॉर्पोरेशनला फोन करून थकलो, कोणी उचलत नाही. मतं मागायला दारात येतात, आता कुठे मेलेत सगळे?' मला वाटलं, आधीच लोक बिथरलेत, त्यात राजकारण नको. आजींना पहाटे मुलांनी तिसऱ्या मजल्यावर जनरेटरवाल्या घरात नेलं म्हणून निभावलं. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्याच दिवसांत माझ्या मुलाने आमच्या गल्लीचा व्हिडिओ टाकला होता, की दोन दिवसांत इथे बोट आली नाही. त्याला कुणा पक्षाच्या माणसाचा फोन आला, 'शहराची बदनामी करतोस, काढून टाक.' त्याने काढला. यजमान म्हणतात, संकटात सरकारने सरळ नेटच बंद करावं, म्हणजे अफवाही नाहीत आणि भांडणंही नाहीत. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. मी यंदा काय करू?
— एक ॲडमिन, समा

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण काकांचा मेसेज तुम्ही इतक्या दिवसांनी शब्दन् शब्द लिहून पाठवलात. तो तुमच्या मनातून गेलेला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तो मेसेज पुन्हा वाचा. पहिल्या वाक्यात कोण, कुठल्या घरात, काय अडचण आणि किती वेळ शिल्लक, एवढं सगळं आहे. आपत्तीच्या नियंत्रण कक्षात बसलेला माणूस फोनवर हेच चार प्रश्न विचारतो. दुसऱ्या वाक्यात कोणती मदत मागून झाली आणि मिळाली नाही, ते आहे. म्हणजे पुढच्याने तिथेच पुन्हा फोन करत बसू नये. तिसरं वाक्य संतापाचं आहे. तुम्हाला ते तिसरं वाक्य टोचलं आणि त्यासाठी पहिली दोनही गेली. संकटात माणूस मदत मागतो तो अर्ज लिहून, 'आपला नम्र' म्हणून सही करून मागत नाही. शेजारची म्हातारी गुदमरतेय आणि फोन कुणी उचलत नाही, तेव्हा तो शिव्या घालतच मागणार. तेव्हा यंदासाठी पहिली गोष्ट ही ठेवा: सूर कसा आहे ते बघून मेसेज उडवायचा नाही. त्यात पत्ता आहे का, ते आधी बघायचं.

ही चूक तुमच्या एकटीची नाही. हीच गोष्ट देशपातळीवर घडलेली आपण पाहिली आहे. एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिव्हिर यांसाठी लोक ट्विटरवर हाका मारत होते आणि अनोळखी माणसं रात्र-रात्र जागून सिलिंडर शोधून देत होती. त्याच दिवसांत केंद्र सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने पन्नासेक ट्विट्स भारतात दिसेनाशी केली. त्यातली काही सरकारच्या कोरोना हाताळणीवर टीका करणारी होती. अमेठीत एका तरुणाने आजोबांसाठी ऑक्सिजन मागितला, तर भीती पसरवतो म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मग ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने, स्वच्छ सांगितलं की नागरिक समाजमाध्यमांवर आपलं गाऱ्हाणं मांडत असतील, तर ती माहिती चुकीचीच आहे असं धरून त्यांच्यावर कारवाई करता येणार नाही. तसं कुणी केलं तर तो न्यायालयाचा अवमान समजू. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावं लागलं, कारण गाऱ्हाणं आणि अफवा एकाच टोपलीत टाकायची सवय वरपासून खालपर्यंत सगळ्यांना आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे येऊ, 'आजवा डॅम तूट्यो'. हा खोटा होता आणि त्याने एका बाईचा हात मोडला. तो थांबवायलाच हवा होता. पण तो उगवला कुठून, ते बघितल्याशिवाय थांबवायचा कसा हे कळणार नाही.

आजवा आपल्या शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० च्या सुमारास, शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव. त्याला ६२ दरवाजे आहेत. ठरावीक पातळीवर पाणी गेलं की ते दरवाजातून बाहेर पडतं, विश्वामित्रीला मिळतं आणि काही तासांनी काळा घोडा पुलाखालचा आकडा चढायला लागतो. धोक्याची पातळी २६ फूट. त्या ऑगस्टमध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. म्हणजे आजवातून पाणी येतंय हे खरं होतं, घाबरण्यासारखंही होतं. कुणीतरी लिहिलं असणार, 'आजवानुं पाणी छोड्युं.' चार फोनांतून जाता जाता त्याचं 'डॅम तूट्यो' झालं. ध चा मा व्हायला एवढंच लागतं: अंधार, भीती आणि खरी बातमी सांगायला कुणी नसणं.

त्या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळा भर आहे. तुमच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी नदीची पातळी किती आहे, आजवा किती आहे, कोणते रस्ते बंद आहेत, हे कुणी तासातासाला टाकत होतं का? तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. जिथे आकडा येत नाही तिथे अफवा येते. तुम्ही ग्रुप बंद केलात तेव्हा अफवा थांबली नाही, ती जिन्यात गेली, गच्चीवर गेली, दुसऱ्या ग्रुपवर गेली. फक्त तुम्हाला दिसेनाशी झाली. तुम्ही तो मेसेज तसाच ठेवून त्याच्याखाली लिहिलं असतं, 'धरण फुटलेलं नाही. दरवाजातून पाणी येतंय. काळा घोड्याला आत्ता इतके फूट, तासाभरापूर्वी इतके होते. पहिल्या मजल्यावरच्यांनी सामान वर घ्या, अंधारात जिन्यात धावू नका,' तर ज्याने वाचलं असतं त्याने तेच पुढे पाठवलं असतं. मेसेज उडवला की खुलासा लटकायला खुंटीच राहत नाही. आणि ज्याने आधीच वाचलाय त्याला एवढंच दिसतं की ॲडमिनने काहीतरी लपवलं. मग तो म्हणतो, म्हणजे खरंच असणार!

आणखी एक गोष्ट आपण वडोदऱ्याचे लोक जास्त ओळखतो. आपल्याकडे खरी गोष्टसुद्धा खोट्यासारखी दिसते. त्याच पुरात आकोट्यात घराच्या छपरावर मगर बसलेली होती. दोन तरुण स्कूटरवरून मगर घेऊन वनखात्याकडे निघाल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी तो खोटा ठरवून टाकला होता. तो खरा होता. २७ ते २९ ऑगस्टच्या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. 'आमच्या पार्किंगमध्ये मगर आहे' असा मेसेज कुणी टाकला असता आणि कुणा शहाण्या ॲडमिनने घबराट नको म्हणून उडवला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात मुलं उतरली असती. अविश्वसनीय वाटणं ही कसोटी आपल्या गावात चालतच नाही. विचारायचं ते हे: तुम्ही स्वतः पाहिलं का, कुठे, किती वाजता, फोटो आहे का? फोटो असेल तर त्यातल्या दुकानाच्या पाट्या वाचा, गाड्यांचे नंबर बघा. जीजे-०६ च्या एकाही गाडीचा पत्ता नाही आणि पाट्या तमिळमध्ये आहेत, असा 'वडोदऱ्याचा' व्हिडिओ असेल तर तो कुठला ते कळतंच. 'माझा भाऊ कलेक्टर ऑफिसमध्ये आहे' असं सांगणाऱ्या व्हॉइस मेसेजला मात्र एकच उत्तर: त्या भावाचं नाव आणि हुद्दा सांगा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांची भीती खरी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातले नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवेने त्यांचा जीव घेतला. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा क्लिपांपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा शेवट कापून केलेली होती. राईनपाड्याबद्दल वाचलेल्या कुठल्याही माणसाने 'बोलू द्या सगळ्यांना, काय फरक पडतो' असं म्हणू नये. मी तर म्हणणार नाहीच.

एप्रिल २०२० मध्ये इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये कोरोनाची तपासणी करायला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. धडधाकट माणसांना धरून नेतात आणि टोचून आजारी पाडतात, असे व्हिडिओ त्याआधी फिरत होते. (ज्या दोन डॉक्टर बायका जीव वाचवून पळाल्या, त्या लगेच पुन्हा कामावर हजर झाल्या, हेही आठवणीने सांगायला हवं.) ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही हेच झालं होतं. दवाखान्यात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या अंगातून मोमीआई नावाचा औषधी अर्क काढतात अशी वदंता होती, आणि गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. तेव्हा फोन नव्हता, नेट नव्हतं, बंद करायला काही नव्हतंच. लोकांना न समजावता, न विचारता घरातून उचलून नेलं की अशी भीती तयार होते. ती शमते ती विश्वासाचा माणूस दारात येऊन बोलला की.

आणि नेट बंद करून बघितलेलं नाही असंही नाही. आपल्या याच शहरात सप्टेंबर २०१४ च्या दंगलीत मोबाइल इंटरनेट बंद केलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनात गुजरातच्या मोठ्या भागात केलं. दंगलीत काही तासांसाठी, एका भागापुरतं, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून तरी घेईन. पण पुरात? यजमानांना विचारा, त्या रात्री नेट पूर्ण बंद असतं तर बी-१०२ ची बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या जनरेटरपर्यंत कशी पोचली असती? दूध कुठे मिळतंय, बोट कोणत्या नाक्यापर्यंत आली, सूनबाई माहेरी अडकली ती सुखरूप आहे का, हे सगळं त्याच नेटवर होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात, अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात सांगितलं आहे की नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, बंदी गरजेपुरतीच हवी आणि आदेश लोकांसमोर यायला हवा, म्हणजे त्याला आव्हान देता येईल. किती वेळ बंद, का बंद, कुणाच्या हुकमाने, हे कागदावर हवं. हे तीन प्रश्न तुमच्या ग्रुपलाही लागू पडतात. तुम्ही ग्रुप बंद केलात तेव्हा किती वेळासाठी ते सांगितलं नव्हतं, आणि काही तातडीचं असेल तर कुणाला फोन करायचा, तेही नाही. काकांना सगळ्यात जास्त हेच लागलं असणार.

वेगाला आवर घालणं वेगळं आणि तोंड दाबणं वेगळं. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कुणाला बोलायची बंदी नाही. हात थोडा अडखळतो, तेवढ्यात डोकं चालतं. तुम्हीही तेवढंच करा: दुहेरी बाणाचा शिक्का असलेला मेसेज ग्रुपवर टाकायचा नाही, टाकायचा तर 'मी स्वतः खात्री केली ती अशी' असं आपल्या शब्दांत लिहून टाकायचा. एवढ्याने निम्मा गाळ आपोआप बाहेर राहील.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हाच्या चार दिवसांत दोन्ही रीती एकदम दिसल्या. हजिऱ्याच्या बंदरावर हल्ला झाला म्हणून जळत्या टँकरचा व्हिडिओ फिरला. सुरतेला नातेवाईक असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्या रात्री झोप उडाली. पत्र सूचना कार्यालयाने सांगितलं, हा जुना व्हिडिओ आहे, २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा, बंदराशी संबंध नाही. संपलं. असा पुराव्यासकट आणि वेळेवर आलेला खुलासा मला मनापासून हवा आहे, सरकारकडून तर हवाच. पण त्याच आठवड्यात एक्स कंपनीने जाहीर केलं की भारतात ८,००० हून जास्त खाती बंद करायचे हुकूम आले आहेत, त्यात वृत्तसंस्थांची खातीही आहेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत नेमकी कोणती पोस्ट चुकली ते सांगितलेलं नाही. काय चुकलं ते न सांगता तोंड बंद केलं, की त्यातलं खोटं किती आणि नकोसं किती, हे बाहेरच्या माणसाला कधीच कळत नाही.

याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा आहे. सरकारच्या कामाबद्दलची कोणती माहिती खोटी, ते सरकारचंच पथक ठरवेल, असा नियम २०२३ मध्ये आणला होता. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तेव्हा तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी कौल दिला आणि तो नियम घटनाबाह्य ठरून रद्द झाला. साधी गोष्ट आहे, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच न्याय करायचा नाही. तुमच्या सोसायटीत हे उद्यापासून लावता येईल. कमिटीविरुद्धचा मेसेज कमिटीतल्या माणसाने उडवायचा नाही. पंप नादुरुस्त होता, जनरेटरला डिझेल नव्हतं, मेंटेनन्सचे पैसे कुठे गेले, असं कुणी पुराच्या रात्री चिडून लिहिलं तर ते राहू द्या. दुसरी ॲडमिन अशी नेमा जी कमिटीत नाही, आणि शक्यतो गुजराती घरातली, म्हणजे 'मराठी लोकांनी आमचं काढलं' किंवा उलट, ही कुजबुजही राहणार नाही.

तुम्हाला आतून एक धास्ती असेल, की ग्रुपवर कुणी काही लिहिलं तर पोलीस ॲडमिनला धरतील. पुष्कळ ॲडमिन याच भीतीने कात्री चालवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. हे निकाल गुजरातच्या न्यायालयांना थेट बांधून ठेवत नाहीत, पण तुमच्या बाजूचे आहेत. झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

आता मुलाबद्दल. पक्षाच्या माणसाला कुणाचाही व्हिडिओ उतरवायला लावायचा काडीचाही अधिकार नाही. सरकारला मजकूर काढायला लावायचा असेल तर त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचा मार्ग आहे, आणि तो हुकूम कंपनीकडे जातो, तुमच्या घरच्या फोनवर धमकी म्हणून येत नाही. पोलिसांना चौकशीला बोलवायचं असेल तर ते लेखी नोटीस देतात. म्हणून पुन्हा असा फोन आला तर मुलाने सभ्यपणे एवढंच म्हणायचं, 'जे काही आहे ते लेखी पाठवा,' आणि नंबर, वेळ लिहून ठेवायची. लेखी नोटीस खरंच आली, तर मात्र एकट्याने जाऊ नये, वकिलाला बरोबर न्यावं.

कायदा नेमका कुठे अडवतो तेही त्याला माहीत हवं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, याचं ५४ वं कलम: आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. न्याय संहितेचं ३५३ वं कलम खोट्या विधानांनी भीती किंवा तेढ पसरवण्याबद्दल आहे. पण त्यातच अपवाद आहे, की माणसाला ते खरं वाटायला सबळ कारण होतं आणि त्याने सद्भावनेने सांगितलं, तर तो गुन्हा नाही. 'माझ्या गल्लीत दोन दिवस बोट आली नाही' हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ही बदनामी नव्हे. पालघरच्या दोन मुली आठवतात ना? २०१२ साली एकीने मुंबई बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात, मार्च २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलमच रद्द केलं. कुणाला बोचतं म्हणून गुन्हा ठरत नाही, हे तेव्हाच ठरलं आहे.

तो व्हिडिओ त्याच्याकडे अजून असेल तर जपून ठेवायला सांगा, मूळ फाइल, कापाकापी न करता. पुन्हा टाकायचा की नाही हा त्याचा निर्णय, तुम्ही त्याला अडवू नका. टाकला तर चित्रावरच मोठ्या अक्षरांत 'समा, ऑगस्ट २०२४' लिहून टाकावा. आजचा खरा व्हिडिओ पुढच्या पुरात तारखेविना फिरला की तोच अफवा होतो, आणि मग 'बघा, तुमचा मुलगाच खोटं पसरवतो' म्हणायला तो फोनवाला मोकळा. व्हिडिओत कुणी आजारी, ओलं, असहाय माणूस दिसत असेल तर त्याला विचारून घ्यावं, नाहीतर चेहरा झाकावा.

मग उडवायचं काहीच नाही का? आहे. एखाद्या समाजाकडे बोट दाखवून चिथावणी देणारा मेसेज लगेच काढा, चर्चा नको. मदतनिधीच्या नावाखाली आलेला अनोळखी क्यूआर कोड काढा, पुरात हे चोर हटकून येतात. कुणाचं आजारपण, घर रिकामं असल्याची माहिती, मुलीचा नंबर, असं काही काम झाल्यावरही पडून असेल तर काढा. आणि प्रत्येक वेळी एका ओळीत कारण लिहा. आणखी कशासाठी डिलीटला हात जाऊ लागला, तर आधी दुसऱ्या ॲडमिनला फोन करा.

यंदा दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, जिथे दोन्ही ॲडमिन नदीचा आणि आजवाचा आकडा, वेळ आणि तो कुठून घेतला ते टाकतील. कॉर्पोरेशन पावसाळ्यात हे आकडे देत असतं. दुसरा खुला, जिथे लोक विचारतील, चिडतील, मदत मागतील. दुसरा कितीही तापला तरी बंद करायचा नाही. त्यातून मदतीची हाक उचलून योग्य माणसापर्यंत न्यायला तुमच्या मुलासारख्या दोन-तीन पोरांना पाळी लावून द्या. त्यांना हे काम आवडेल.

पहिला पाऊस पडायच्या आत ग्रुपवर टाकायला मजकूर देते, हवा तसा बदला, गुजरातीतही करून टाका:

'पुराच्या दिवसांत या ग्रुपवर सगळ्यांनी लिहावं. मदत हवी असेल तर विंग, फ्लॅट नंबर, अडचण आणि किती वेळ हातात आहे ते लिहा. पाहिलेलं असेल तर "पाहिलं" म्हणा, ऐकलेलं असेल तर "ऐकलं" म्हणा. चुकीची माहिती दिसली तर ॲडमिन तिच्याखाली खरी माहिती लिहितील. चिथावणी, पैशांची फसवणूक आणि कुणाची खासगी माहिती एवढंच काढलं जाईल, आणि का काढलं ते सांगितलं जाईल. कमिटीवर, कॉर्पोरेशनवर, सरकारवर टीका करायला इथे मोकळीक आहे.'

शेवटचं वाक्य वाचून कमिटीतले दोन-तीन जण भुवया वर करतील. त्यांना काकांचा मेसेज वाचून दाखवा.

हा मजकूर ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा काकांकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. यजमानांना किंवा मुलाला मध्ये घालू नका. 'तुमचा मेसेज मी उडवला, ते चुकलं, त्यात आजींसाठी मदतीची हाक होती' एवढं सांगा आणि त्यांना काय बोलायचंय ते बोलू द्या. ते चिडतील, जुनं उकरतील, कदाचित कॉर्पोरेशनलाही दोन शब्द सुनावतील. मध्ये तोडू नका. मग हा कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, काय राहिलं? फोन उचलले न जाणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलंय, तेव्हा कोणता नंबर लागतो आणि कोणता लागत नाही, हे तुमच्या सोसायटीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२. त्याशिवायचे वॉर्ड ऑफिसचे, फायर ब्रिगेडचे नंबर तेच सांगतील. ती यादी कागदावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक विंगच्या जिन्यात पहिल्या मजल्याच्या वर लावा. वीज गेल्यावर पहिल्या दिवशी फोन चालतात, दुसऱ्या दिवशी नाही. आणि मशीनवर किंवा इन्सुलिनवर असलेली माणसं कोणत्या घरांत आहेत, ते त्या घरांना विचारून तुमच्या आणि काकांच्या वहीत लिहून ठेवा. ते मात्र जिन्यात लावू नका.